पेरांमधलं अंतर

हळदीकुंकवाला हल्ली सक्युलंट लुटतात. आधी प्लास्टिकचे डबे होते, मग गाळण्या, मग कापडी पिशव्या, आणि आता हाताच्या मुठीत मावेल एवढ्या कुंडीत जाड, रसदार पानांचं एक गुबगुबीत रोप, कुंडीच्या गळ्यात सुतळीची गाठ. मुंजीला, बारशाला परतभेट म्हणूनही तेच. दिसायला गोड, घाऊक घेतलं तर परवडणारं, आणि 'याला पाणी फार लागत नाही' एवढ्या एका वाक्यावर ते घरोघर पोचतं. वाक्य खोटं नाही. फक्त त्याच्या जोडीचं दुसरं वाक्य वाण देणारी सांगत नाही आणि घेणारी विचारत नाही, की याला उजेड मात्र भरपूर लागतो.

मग संक्रांतीत टीव्हीशेजारी, ऑफिसच्या टेबलावर किंवा बाथरूमच्या झरोक्यात बसवलेली ही रोपं भाद्रपदापर्यंत ओळखू येईनाशी होतात. आमच्या सोसायटीत त्यातली बरीचशी माझ्या दारात येतात. मी काही माळी नाही, पण 'तिच्याकडे झाडं मरत नाहीत' अशी एक अफवा आहे आणि मी ती खोडून काढलेली नाही.

परवा तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या, चेहऱ्यावर कौतुक. "अगं, बघ तरी किती वाढलं! आणलं तेव्हा चार बोटंसुद्धा नव्हतं." हातात इचेव्हेरिया. एकावर एक घट्ट बसलेल्या पानांचं जे चक्र त्यांनी संक्रांतीला आणलं होतं, ते आता एका उघड्या, फिकट, वाकड्या दांडीच्या टोकावर होतं. खालची पानं सुरकुतून गळलेली. वरची पानं खाली झुकलेली, निळसर झाक जाऊन पोपटी झालेली. आणि सगळं झाड एका बाजूला कललेलं, कुठली बाजू ते विचारायचीही गरज नव्हती. काकूंच्या दिवाणखान्यात खिडकी कुठे आहे ते मला माहीत आहे.

त्यांचं चुकत नाही. आपल्याकडे उंची वाढली की प्रकृती चांगली असं समजायची सवय आहे, मुलांच्या बाबतीतही. पण सक्युलंटमध्ये, निदान या चक्रवाल्या जातींत, उंची म्हणजे उजेडासाठी मारलेली हाक असते.

हे आपण सगळ्यांनी दर वर्षी घरात पाहिलेलं आहे, फक्त झाडांच्या आजारात त्याची गणना केलेली नाही. घटस्थापनेला परडीत काळी माती पसरून गहू-ज्वारी पेरतात, मधोमध घट बसतो, रोज एक माळ चढते. देवघर अंधारं, माती घटाच्या पाझराने ओली. दसऱ्यापर्यंत वीतभर कोंब येतात, सरळ, नाजूक, पिवळे. ते टोपीत खोवायचे, कानावर ठेवायचे. घट किती वर आले यावरून रब्बीचा अंदाज बांधणारी माणसं अजून गावोगाव आहेत. तो पिवळा रंग अंधाराचा आहे. उजेड मिळाल्याशिवाय गव्हाच्या रोपाला हरितद्रव्य तयार करता येत नाही, आणि उजेड दिसेपर्यंत त्याचं एकच काम असतं, वर जायचं. दाण्यातली सगळी शिदोरी उंचीवर खर्च करायची.

सक्युलंटची शिदोरी पानात असते. म्हणूनच दांडी लांबत जाते तेव्हा खालची पानं एकेक करून रिकामी होतात.

यामागचं एक द्रव्य नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदारांच्या चांगल्या ओळखीचं आहे. घड मोकळा व्हावा, मणी लांब व्हावा म्हणून ते ज्या 'जीए'च्या फवारण्या आणि डिपिंग करतात ते म्हणजे जिबरेलिक आम्ल. त्याचा शोध भातावरच्या रोगातून लागला. रोगट रोपं निरोगी रोपांपेक्षा उंच, फिकट व्हायची आणि कोलमडायची. १९२६ मध्ये एइची कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की हे एका बुरशीने सोडलेल्या द्रव्यामुळे होतं. पुढे कळलं की त्याच कुळातली द्रव्यं झाडं स्वतःही तयार करतात. उजेड कमी पडला की अंगातल्या या संप्रेरकांचा जोर चालतो, पेशी लांबट होतात, दोन पानांमधलं पेर ताणलं जातं. कलण्याचं काम ऑक्झिन या दुसऱ्या संप्रेरकाचं. ते सावलीच्या बाजूला जास्त साचतं, ती बाजू जास्त वाढते आणि दांडी उजेडाकडे वळते. उजेडाची दिशा शेंड्याला कळते हे डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्येच गवताच्या कोंबांना टोप्या घालून सिद्ध केलं होतं. टोपी घातलेला कोंब वळेना.

मुळात ही युक्ती शहाणपणाची आहे. डोंगरात एखाद्या दगडाच्या किंवा गवताच्या आडोशाला रोप अडकलं, तर चार बोटं वर गेल्यावर ऊन मिळतं आणि ताणणं आपोआप थांबतं. फ्लॅटमध्ये ते 'वर' कधी येतच नाही. उजेड आडवा, एका बाजूने, आणि डोक्यावर स्लॅब. झाड आपलं जात राहतं.

आता 'आमच्याकडे तर भरपूर उजेड आहे' हे वाक्य. ते मी इतक्या वेळा ऐकलंय की हल्ली वाद घालत नाही, मोबाइलवरचं उजेड मोजणारं लक्समीटर उघडून हातात देते. भर दुपारच्या उन्हात आकडा १ लाखाच्या आसपास जातो. ट्यूबखालच्या दिवाणखान्यात दोनशे-तीनशे. आपले डोळे हा फरक लगेच सांभाळून घेतात, त्यामुळे आत आणि बाहेर यांत आपल्याला जेवढं अंतर वाटतं त्याच्या कितीतरी पट ते असतं. खिडकीपासून दोन पावलं आत आलं की पेपर वाचता येतो, पण इचेव्हेरियाचं पोट भरत नाही.

त्यात आणखी एक घोळ. परदेशी व्हिडिओ बघून लोक म्हणतात, दक्षिणेची खिडकी उत्तम. ती लंडनला, न्यूयॉर्कला उत्तम, तिथे भरदुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेलाच असतो. पुणं साडेअठरा अंशांवर. आपल्याकडे मेच्या मध्याला सूर्य थेट डोक्यावर येतो, त्या दिवशी दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते, आणि मग जुलैअखेरपर्यंत तो भरदुपारी चक्क उत्तरेला असतो. म्हणजे दक्षिणेच्या बाल्कनीत डिसेंबरात ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत येतं, आणि जूनमध्ये कठड्यावरसुद्धा टेकत नाही. उत्तरेच्या बाल्कनीला त्या दोन महिन्यांत ऊन मिळायला हवं, पण तेव्हा ढग असतात. तेव्हा माझं मत पूर्वेला. सकाळचं दोन-तीन तास स्वच्छ ऊन, आणि मेमध्येही पान भाजत नाही.

पावसाळ्याने मात्र सगळ्यांचंच समान नुकसान होतं. आषाढ-श्रावणात दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही, हवा उबदार, दमट, आणि कुणीतरी मायेने पाणीही घालत असतं. वाढीला हवं ते सगळं हजर, फक्त उजेड नाही. सगळ्यात लांब पेरं या दोन महिन्यांतली असतात.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. लांबलेली दांडी वाचता येते, आणि मला खरं तर या सगळ्या उद्योगात तेवढीच गोष्ट मनापासून आवडते. वहिनीने तिच्या हिंजवडीच्या ऑफिसातून एक ग्रॅप्टोपेटॅलम आणलं होतं, ज्याला नर्सरीत घोस्ट प्लांट म्हणतात ते. (शास्त्रीय नावात पॅराग्वे आहे, झाड मेक्सिकोचं.) दांडी जवळजवळ हातभर. मी ती खिडकीत आडवी धरून बोट फिरवत गेले. अगदी बुडाशी नखाएवढ्या जागेत पाच-सहा पानांचे वण, एकाला एक चिकटून. ते पॉलिहाउसमधले दिवस. मग एकदम मोकळं रान, वण दूर दूर, दांडी बारीक. मग मधेच बोटभर पुन्हा दाट, दांडी जाड, वणांचे कंगोरे ठळक. आणि पुढे पुन्हा ताणलेलं.

"मधे कुठे हलवलं होतंस का गं हे?"

"हलवलं नाही बाई. आमचीच टीम मधे खिडकीपाशी होती, मग पुन्हा आत टाकलं आम्हाला."

माणसांच्या बसायच्या जागा बदलल्या ते झाडाच्या अंगावर उमटलं होतं. आमच्या घराचंही तसंच. शेजारची तीन मजली सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. पत्रे लागले, खड्डा झाला, मग मजले चढू लागले. घरातल्या माणसांना 'जरा अंधार वाटतोय का?' असा प्रश्न पडायला बराच काळ गेला. बाल्कनीतल्या जेडच्या झाडाने तो आधीच लिहून ठेवला होता. त्या काळातल्या फांद्यांवर पानांच्या जोड्या एकदम विरळ आहेत. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात खिडकीतून येणाऱ्या उजेडाचाही हक्क मानलेला आहे, वीस वर्षं तो विनाअडथळा उपभोगला असेल तर. एका वकील नातलगाला विचारलं तर ते हसून म्हणाले, "अगं, आपलीही बिल्डिंग उद्या वर जाणारच आहे." तो विषय तिथेच संपला. कुंड्या गच्चीच्या जिन्यात गेल्या.

आता कापाकापी.

पहिली गोष्ट पचवायची ती ही, की लांबलेलं पेर पुन्हा आखडत नाही. उन्हात ठेवलं म्हणून दांडी आत जाणार नाही, काठी बांधून सरळ केली तरी उघडीच राहणार. उन्हात आल्यावर नवी वाढ दाट होते, पण ती त्या लांब दांडीच्या टोकावर, आणि मग सगळा डोलारा वरून जड होऊन आडवा होतो. म्हणून शेंडा उतरवायचा.

कधी, याला महत्त्व आहे. पावसाळ्यात मी ब्लेड हातात घेत नाही, बुडातून सड वर चढत असेल तरच. दमट हवेत जखम सुकत नाही. नवरात्र उलटलं, ऑक्टोबरची कोरडी गरमी सुरू झाली, की चांगला काळ लागतो तो थेट होळीपर्यंत.

दाढीचं ब्लेड मधोमध मोडून अर्धं घ्यायचं, स्पिरिटने पुसायचं. चक्राच्या खाली दोन बोटं दांडी राहील अशा बेताने एकाच झटक्यात कापायचं, करवतायचं नाही. मग काप उजेडात धरून बघायचा. चांगला काप ओला, चकचकीत, कडेला हिरवी कड आणि मध्ये पांढरट गाभा. त्यात कुठे तपकिरी ठिपका किंवा पाणचट काळी रेघ दिसली तर ती सड आहे. आणखी थोडं वर कापायचं, ब्लेड पुन्हा पुसून, ठिपका जाईपर्यंत. इथे दया दाखवली तर पंधरवड्यात सगळं चक्र खालून मऊ पडतं. कधीकधी कापत कापत दांडी उरतच नाही, पानांचा गुच्छ सुटा होऊन हातात येतो. मग पानांवर भागवायचं, त्याबद्दल पुढे.

कापलेला शेंडा लगेच मातीत खोचायचा मोह होतो. गुलाबाची, जास्वंदीची फांदी आपण तशीच लावतो ना. इथे ते चालत नाही. सावलीत, वाऱ्यावर, काप उघडा ठेवून सुकू द्यायचा. मी चहाच्या काचेच्या ग्लासावर चक्र टेकवते, दांडी ग्लासात अधांतरी. आडवं ठेवलं तर तेवढ्या दिवसांतही शेंडा वर वळतो आणि मग लावताना वाकडा बसतो. आठवडाभरात काप आत ओढला जातो, कडक होतो, नखाने टोकरलं तर कोरडा आवाज येतो. पुष्कळदा ग्लासात असतानाच त्या दांडीतून गुलाबी-पांढरी मुळं डोकावतात, केसाएवढी. पाणी नाही, माती नाही. पानात साठवलेल्यावर हे सगळं चालतं.

मग कुंडी. नर्सरीतून ही रोपं निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात येतात, तिथे ते सोयीचं असतं, घरी ओलं राहून मुळं कुजवतं. माझ्याकडे निम्म्याहून जास्त जाडी वाळू आणि विटांचा चुरा, चाळून पीठ काढून टाकलेला, बाकी शेणखत-माती. तळाला मोठं भोक. शेंडा त्यावर बसवायचा आणि पाणी घालायचं नाही. हे लोकांना सगळ्यात अवघड जातं. मी कुंडी देताना काकूंना बजावते, त्या हो म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी 'अगदी थोडं' घालतात. मूळ धरलं का ते हलकेच ओढून कळतं. दाद देत नसेल तर धरलंय, आता पाणी. थंडीत तीन-चार आठवडे सहज लागतात.

उजेडाकडे न्यायचं तेही पायरीपायरीने. अंधारात वाढलेली पानं कोवळी असतात, त्यांच्यावर तो पांढुरका मेणाचा थरही धड नसतो. थेट ऑक्टोबरच्या उन्हात ठेवली तर एका दुपारीत पांढरे-तपकिरी चट्टे, ते कायमचे. आधी सकाळचं तासभर, मग वाढवत न्यायचं, किंवा हिरव्या शेडनेटखाली. आणि पानाला उगाच बोटं लावायची नाहीत. पुसलं गेलेलं मेण त्या पानावर पुन्हा धरत नाही.

खालचं बोडकं खोड फेकू नये. ते कुंडीत तसंच उजेडात ठेवलं की वणांच्या बगलेतून फुटवे येतात, कधी एक, कधी चार. शेंड्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त सुख मला त्या खुंटाकडून मिळतं. गळायला आलेली धड पानंही ठेवायची, मात्र पान बुडासकट, डावीउजवीकडे हलवत निघायला हवं. बूड तुटलं तर त्यातून काही येत नाही. मातीवर नुसतं पसरून ठेवायचं. काही पानं फक्त मुळंच काढतात, महिनोन्महिने, रोप नाही. काही सडतात. काहींच्या बुडाशी तांदळाच्या दाण्याएवढं चक्र उगवतं आणि मूळ पान हळूहळू कागद होऊन जातं. पानफुटी ज्यांनी वहीत ठेवून पाहिली आहे त्यांना यात नवल वाटायला नको.

पानफुटीवरून आठवलं. तिचं पान पहाटे चाखलं तर आंबट लागतं, दुपारी नाही. मद्रासकडे राहणाऱ्या बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने हे पत्रातून कळवलं, ते १८१५ मध्ये छापून आलं. कारण नंतर उलगडलं. ही झाडं पाणी वाचवायला दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात, रात्री उघडतात आणि आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात, दिवसा उजेडात वापरतात. या कारभाराला थंड रात्र मानवते. इचेव्हेरिया मूळची मेक्सिकोच्या उंच डोंगराळ भागातली, तिला दिवाळीनंतरचं पुणं बरं वाटतं. मुंबईची मेमधली घामट रात्र नाही. माझ्या दादरच्या मावशीने चार वेळा इचेव्हेरिया लावून आता ऑफिस टाइम (चिनी गुलाब) लावलाय. तोही रसदार पानांचाच, तिच्या खिडकीतल्या कडक उन्हात खूश आहे. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो.

सगळ्यांचे शेंडे उडवायचे नसतात, हेही सांगायला हवं, कारण एकदा ब्लेड हातात आलं की लोकांना चेव येतो. आपल्याकडे जेड म्हणून जे बहुतेक ठिकाणी विकलं जातं ते खरं जेड नाही, दक्षिण आफ्रिकेतलंच दुसरं झाड आहे, हत्ती खातात ते. त्याची फक्त लांब फांदी पानांच्या जोडीच्या वर छाटायची, दोन्ही बगलांतून फुटतं आणि झुडूप दाट होतं. हावर्थियाला हात लावायचा नाही, तिला सावली चालते, फार पसरली तर थोडी उजेडाकडे सरकवायची. निवडुंगाचा शेंडा चिंचोळा झाला तर ती कंबर जन्माची. मग आवडते का नाही ते ठरवायचं.

ग्रो लाइटबद्दल विचारतात. चालतात. झाडापासून वीतभर वर, दिवसाला दहा-बारा तास. पण ज्या राज्यात वर्षातले आठ महिने ऊन फुकट पडतं तिथे दिवा लावून मेक्सिकोचं झाड टीव्हीशेजारीच ठेवायचा हट्ट मला कळत नाही. टीव्हीशेजारी मनी प्लांट ठेवा.

वहिनीचं ते हातभर ग्रॅप्टोपेटॅलम मात्र मला कापू दिलं नाही. मी ब्लेड पुसून तयार, आणि ती म्हणाली, "राहू दे गं, असंच छान लोंबतंय." म्हटलं, बरं. ते टांगत्या कुंडीत घालून तिच्या बाल्कनीच्या ग्रिलला पूर्वेला अडकवलं. खाली लोंबलेल्या दांडीचं टोक आता वर वळलंय, तिथे करडी-गुलाबी घट्ट पानं आलीत, आणि मधली हातभर दांडी तशीच बोडकी. तिच्याकडे येणारा जाणारा त्याचं कौतुक करतो, कटिंग मागतो, ती देतेही. मी गेले की माझं लक्ष अजून त्या दांडीवरच जातं, नेमकं कुठे कापायचं ते दिसत असतं.